आधी पाहणी, मग सही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण या इमारतीत राहायला आलो. आता आपली मुलं नवे फ्लॅट घेताहेत, काही जण इथले विकताहेत. म्हणून बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर जे पाहिलं, त्यातलं थोडं सांगतो.

निवृत्तीला आलेले एक शिक्षक आमचे कर्जदार होते. किल्ली हातात पडली, त्या आनंदात त्यांनी बिल्डरने पुढे केलेल्या ताबापत्रावर सही केली. त्यात ओळ होती, 'फ्लॅट पाहिला, कसलीही तक्रार नाही.' पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमची भिंत ओली झाली. बिल्डरने तीच ओळ दाखवली. शेवटचा चेक केव्हाच वटला होता. दुरुस्ती मास्तरांनी फंडाच्या पैशातून केली.

तेव्हा आधी पाहणी, मग सही आणि शेवटचा हप्ता. हप्ता आपल्या हातात आहे तोवर आपला फोन उचलला जातो!

पाहणीला दिवसाउजेडी जा. बांधकामातलं कळणारा माणूस सोबत न्या. सगळे नळ एकदम सोडा. बाथरूमची जाळी कापडाने बुजवून पाणी साठवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत पाहा. टाइल्स नाण्याने वाजवा. पोकळ वाजली तर खाली माल नीट भरलेला नाही. कार्पेट एरिया मोजून करारनाम्याशी ताडा. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. उणिवांची यादी देऊन पोच घ्या.

आता रेरा कायदा आहे. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पण दाद मागण्यापेक्षा पाहणी स्वस्त पडते.

जुना फ्लॅट घेताना कपाटं हलवायला सांगा, ओल त्यांच्यामागे लपते. घर रिकामं झाल्यावर पुन्हा जा. ठरलेले पंखे, गिझर जागेवर आहेत ना, बघा. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, लाइट बिल, घरपट्टीची पावती आणि शेअर सर्टिफिकेट तपासा. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र पाहा.

विकणाऱ्यांनाही एक विनंती. गच्चीखालच्या फ्लॅटची गळती रंगाखाली झाकू नका, सांगून विका. घेणारा उद्या आपला सभासद होणार आहे. त्याचा पहिला अर्ज तक्रारीचा नसावा, एवढीच इच्छा.