तवक्कुल आणि तब्येत



माझे मामू एक पाय ओढत चालतात. लहानपणी त्यांना पोलिओची लस दिली नाही. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून घरची माणसे स्वस्थ राहिली.

असे फक्त आपल्यातच घडते का? नाही. १९९२-९३ साली नेदरलँड्समध्ये पोलिओचे ७१ रुग्ण निघाले. ते बहुतेक सनातनी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. लस घेणे म्हणजे ईश्वरी इच्छेत ढवळाढवळ, ही त्यांची समजूत होती. २००३ मध्ये नायजेरियातील कानो राज्याने लसीकरण थांबवले. तेथे नडली ती लशीने वंध्यत्व येते ही अफवा. मुस्लिमबहुल इंडोनेशियात बनलेली लस आणली, तेव्हा २००४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. उत्तर प्रदेशातही तीच अफवा होती. उलेमांनी मशिदींतून आवाहन केले आणि बंद दारे उघडली. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

श्रद्धा आरोग्याची वैरीण नव्हे. अविश्वास आणि आळस वैरी आहेत. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर हवाला ठेवावा, हे आपण मुलांना शिकवतो. लस वेळेवर देणे म्हणजेच उंट बांधणे. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, अफवेला नको.