दुर्बीण एकाची, विद्या सर्वांची

जनवाड्याहून बीदरला येणाऱ्या माणसाला महमूद गवानाच्या मदरशाचा मनोरा चांगला परिचयाचा असतो. १४७२ साली उभारलेल्या या विद्यापीठात सुमारे ३,००० ग्रंथ होते, असे सांगतात. त्या ग्रंथांच्या आणि पंडितांच्या ओढीने दूरदेशीचे विद्वान बीदरला येत. विद्या जेथे असेल तेथे विद्यार्थ्याने पायपीट करीत जावे, हाच त्या काळचा नियम होता. ग्रंथाच्या प्रती थोड्या, आणि जिज्ञासू मात्र अनेक!

आजच्या शास्त्राचे मूळ ग्रंथ कागदावर नसतात. दुर्बिणी, उपग्रह आणि प्रयोगशाळांतील यंत्रे रात्रंदिवस आकड्यांच्या राशी जमवीत असतात. त्या राशी जमविणाऱ्या संस्थेच्याच कुलपात राहाव्यात, की दूरच्या अभ्यासकालाही आपल्या जागी बसून त्या वापरता याव्यात? अनुभव दुसऱ्या मार्गाच्या बाजूने कौल देतो.

२०१७ साली पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेस दीर्घिकांचा एक अतिविशाल समूह शोधल्याचे जाहीर केले आणि त्याला ‘सरस्वती’ असे नाव दिले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. या शोधाचा मुख्य आधार होता अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील स्लोन दुर्बिणीने घेतलेले वेध. ते जगातील कोणाही अभ्यासकास संगणकावर खुले आहेत. विशेष हे, की या शोधात केरळातील तोडुपुळा या लहानशा गावच्या न्यूमन कॉलेजातील अध्यापकाचाही वाटा होता. कॉलेजच्या आवारात मोठी दुर्बीण नाही, म्हणून बुद्धीला बांध पडला नाही.

घेणाऱ्याने द्यावेही लागते. नारायणगावाजवळील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. तिचा लाभ देशोदेशींचे शास्त्रज्ञ घेतात. ज्याने वेध मागितला, त्याला त्यावर काही काळ पहिला हक्क मिळतो. तो काळ संपला की वेध इतरांसाठी खुले होतात. यात न्याय आहे. पेरणाऱ्याला पहिले पीक मिळावे हे खरे; परंतु कोठारात धान्य कुजू देणे हेही पाप होय.

तथापि, केवळ दार उघडून भागत नाही. या राशी इतक्या प्रचंड असतात की त्या साध्या संगणकात मावत नाहीत. विहीर उचलून घरी आणता येत नाही. पोहरा घेऊन विहिरीवरच जावे लागते. त्याचप्रमाणे गणित पाठवावे मोठ्या संगणकाकडे, आणि परत आणावे ते फक्त उत्तर. पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन योजनेस मान्यता मिळाली. तिच्याखाली पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’, तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली ‘परम प्रवेग’ आला. अशा यंत्रांपर्यंत दूरच्या संशोधकाने तारेवाटे पोहोचावे, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे.

मग बीदर-कलबुर्गीच्या विद्यार्थ्याला अडचण कोणती? तार पोहोचली तरी वाट दाखविणारा पोहोचलेला नसतो. कोणते वेध कोठे आहेत, त्यांची मांडणी कशी वाचावी, मोठ्या संगणकावर काम करण्यासाठी अर्ज कसा करावा, हे सांगणारा एक जाणता अध्यापक प्रत्येक कॉलेजात असला पाहिजे. सुटीत अशा अध्यापकांसाठी शिक्षणवर्ग भरविणे, हा त्यावरचा कमी खर्चाचा उपाय आहे.

गवानाच्या मदरशाकडे एके काळी जग चालत आले. आज जगाचे ग्रंथालय जनवाड्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबले आहे. त्याला आत घेणे, हे आता येथील शिक्षकांचे आणि संस्थाचालकांचे काम आहे.