प्राथमिक शिक्षकाचे ध्येय आणि अध्यापनाची रीत

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन, अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढून १९७८ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो आणि ३८ वर्षांनी, २०१६ साली, निवृत्त झालो. एवढ्याच शिदोरीवर आज आपणांसमोर उभा आहे.

काही दिवसांपूर्वी आपल्याच समाजातील एक मुलगी वडिलांसह माझ्या घरी आली होती. तिला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि 'मी कशी शिक्षिका होणार' या विषयावर तिला निबंध लिहावयाचा होता. "गुरुजी, काय लिहू?" असे तिने विचारले. मी उत्तर देण्यापूर्वीच तिचे वडील म्हणाले, "लिही की, नोकरी कायमची, सुट्ट्या भरपूर, आणि घरसंसार सांभाळून करता येते!" आम्ही दोघे हसलो. मुलगी मात्र हसली नाही. तिच्या त्या न हसण्याने मी खजील झालो. त्या दिवशी जे उत्तर सुचले नाही, ते आज आपणां सर्वांच्या साक्षीने तिला देत आहे.

बाळ, प्रथम माझ्या हातून घडलेला एक प्रमाद ऐक. १९८१ साली माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. एक मुलगा 'एकोणतीस' लिही म्हटले की ३९ लिही. दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा पट्टी मारली, आणि चौथ्यांदा सर्व वर्गाकडून त्याला हसविले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. पुढे एकदा आठवडी बाजारात तो आईशेजारी अंडी विकत बसलेला दिसला. मी अंडी घेतली व पाचाची नोट दिली. त्याने क्षणात हिशेब करून उरलेली मोड माझ्या हातावर ठेवली. एका पैशाची चूक नव्हती. ज्या तळहातावर मी पट्टी मारली होती, त्याच हाताने त्याने ती मोड दिली आणि मान खाली घातली. खाली मान घालावयाची ती वस्तुतः मी.

त्या रात्री मी विचार केला. एकोणतीस म्हणजे तिसांत एक उणा. मुलाच्या कानी 'तीस' पडते, म्हणून तो तीन मांडतो. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र दोन आधी. म्हणजे चूक मुलाच्या बुद्धीत नसून आपल्या शब्दांच्या ठेवणीत आहे, आणि ती उलगडून दाखविणे हेच शिक्षकाचे काम. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. त्या वादात मी पडत नाही. परंतु अडचण खरी आहे, हे त्या पोराने मला ३८ वर्षे आधी शिकविले होते. पुढे मी दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून घेतल्या. दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या हाती दिल्या की मूल आपणहून २९ लिहिते. पट्टीची गरज उरत नाही. २०१० पासून शिक्षणहक्काच्या कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदीच आहे. परंतु कायद्याच्या भयाने खाली ठेवलेली छडी आणि उमजून टाकलेली छडी यांत अंतर आहे.

म्हणून निबंधात पहिले ध्येय असे लिही: 'माझ्या वर्गातील एकही मूल माझ्यामुळे शाळा सोडणार नाही.' दुसरे ध्येय: 'तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल अर्थ समजून वाचील.' जे मूल तोवर वाचावयास लागत नाही, त्याला पुढची सारी पुस्तके मुकी होतात.

आता अध्यापनाची रीत. पहिले पंधरा दिवस शिकविण्यापेक्षा ऐक अधिक. मूल घरी कोणती बोली बोलते ते समजून घे. त्याच्या बोलीला हसू नकोस, तिचाच हात धरून त्याला पुस्तकाच्या भाषेकडे आण. मुळाक्षरांची घोकंपट्टी करून घेण्यापूर्वी त्याच्या ओळखीचे शब्द फळ्यावर लिही. शाळा सुटण्यापूर्वी रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखव. टाचणवहीत काय शिकविले हे लिहितोच. त्याखाली आज कोणाला समजले नाही, त्याचे नाव लिही. आणि लागोपाठ तीन दिवस हजेरीपटावर जो गैरहजर, त्याच्या घरी जा. मी त्या मुलाच्या घरी गेलो नव्हतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात नेली. मुले गुरांमागे जात, तेव्हा ती कुरणात नेली. मूल येत नसेल तर आपण जावे, हे त्या थोर स्त्रियांचे सांगणे आहे.

आता आपणां वडीलधाऱ्यांना एक विनंती. आपल्या समाजाचा मुलगा वा मुलगी शिक्षक झाली की आपणांस अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ती केवळ आपल्या मुलांची शिक्षिका नव्हे. वर्गाचा उंबरठा ओलांडताना जात चपलांबरोबर बाहेर राहिली पाहिजे. माझा तो विद्यार्थी आपल्या समाजाचा नव्हता. तो आपला असता, तर मी त्याच्या घरी गेलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला, आणि उत्तर मला लाज आणणारे आहे.

म्हणून मुलींना या पेशाकडे सुट्ट्या मोजून पाठवू नका. ज्याला मुलांत बसावयाची गोडी आहे, त्यालाच पाठवा, आणि शिष्यवृत्ती देताना मंडळानेही गुणांबरोबर ती गोडी पाहावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

बाळ, तुझा निबंध लिहून झाला की मला दाखवावयास ये. यावेळी मी हसणार नाही.