मंद्र स्वराचें लेणें

पुण्याच्या वायव्येस, देहूच्या शेजारीं तळवडें नांवाचें गांव आहे. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यांत सामावून गेलें आहे. पत्रा कापणें, साच्यांत दाबणें, भोंकें पाडणें, घासून चकाकी आणणें व मुलामा चढविणें हीं या पट्ट्यांतील लहान कारखान्यांचीं नित्याचीं कामें होत. मोटारीचे सुटे भाग घडविणारें हेंच कौशल्य एखाद्या वाद्याचा दागिनाही घडवूं शकेल, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. बास गिटारच्या पिकअपवर बसविण्याचें धातूचें झांकण हा असाच एक दागिना आहे.

धातुकाम आणि संगीत यांचें नातें महाराष्ट्रास नवें नाहीं. मिरजेचे शिकलगार हे मूळचे शस्त्रांना धार व चकाकी देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकांत त्यांच्यापैकीं फरीदसाहेब यांनीं तंतुवाद्यें घडविण्याचें काम हातीं घेतलें आणि मिरज हें सतार-तंबोऱ्यांचें माहेरघर बनलें. २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सरकविलेला साधा सुती दोरा सारा नाद कसा फुलवितो, हें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना वाद्यावरील लहानशा वस्तूचें सामर्थ्य निराळें सांगावयास नको.

बास गिटारची गोष्ट अशीच आहे. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बास’ हें वाद्य बाजारांत आणलें. त्याची सर्वांत खर्जाची तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. तारा पोलादी असतात; त्यांच्याखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. हाच पिकअप. तार हलली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें, वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उपजतो, आणि ध्वनिवर्धक त्याचा नाद करितो.

या वाद्यावर आरंभापासून दोन चकचकीत झांकणें असत. एक पिकअपवर व दुसरें घोडीवर. घोडीवरच्या झांकणाच्या आंत स्पंजाची पट्टी असे. ती तारांना स्पर्श करून नादाची लांबण आटोक्यांत ठेवी. पुढें अनेक वादकांनीं हीं झांकणें काढून टाकलीं, कारण जेथें बोटें फिरवावयाचीं नेमकी तीच जागा तीं अडवीत. उलटें ठेविलें असतां रक्षापात्रासारखें दिसे, म्हणून झांकणास ‘अॅशट्रे’ हें थट्टेचें नांव पडलें. परंतु डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा विख्यात वादक जेम्स जेमर्सन यानें आपल्या वाद्यावरचीं झांकणें व आंतला स्पंज तसाच राहूं दिला. त्याचा तो भरदार, आखूड स्वर जगभर गाजला. एकास जी अडचण वाटली, तीच दुसऱ्याच्या शैलीचें अंग झाली.

म्हणून आज शोभेसाठीं असें झांकण बसवूं पाहणाऱ्यानें प्रथम आपल्या हाताचा विचार करावा. जाड कागदाचा नमुना कापून तो वाद्यावर ठेवावा व कांहीं दिवस वाजवून पाहावें. जोरानें छेडलेली खर्जाची तार झांकणास लागतां कामा नये. धातूची निवडही महत्त्वाची आहे. पिकअपला घट्ट चिकटून बसणारें झांकण लोखंडाचें असल्यास तें चुंबकीय क्षेत्र विस्कटतें. पितळेस चुंबक धरीत नाहीं, परंतु वीज तींतून सहज वाहते. त्यामुळें तिच्यांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात व स्वराची वरची धार कांहींशी बोथट होते. जर्मन सिल्व्हरमध्यें हा दोष कमी. तारांच्या वरून जाणारी उंच कमान पिकअपपासून दूर असल्यामुळें तिचा परिणाम अल्प असतो.

झांकणानें गुणगुण थांबते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. झांकणास तार झाळून ती वाद्याच्या अर्थिंगला जोडली तर कांहीं खरखर अडते. परंतु भारतांतील विजेचा पुरवठा सेकंदास ५० आवर्तनांचा आहे, आणि बासच्या खर्जांतील एक स्वर सुमारें ४९ कंपनांचा! विजेच्या तारांभोंवतींचें चुंबकीय क्षेत्र पातळ पितळेंतून आरपार जातें. त्यावरचा उपाय झांकण नव्हे, तर परस्परांविरुद्ध गुंडाळलेलीं दोन वेटोळीं. १९५७ सालीं प्रिसिजन बासमध्यें तीच योजना आली. स्क्रूसाठीं लांकडांत आधीं बारीक भोंक पाडावें, नाहींतर लांकूड तडकतें. आणि भोंक पाडण्यापूर्वीं खालून विजेची तार गेली नाहीं ना, हें पाहावें. एकदां पडलेलें भोंक पुन्हां बुजत नाहीं.

राहिला प्रश्न चकाकीचा. शोभेच्या क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. खालच्या निकेलच्या थरावर त्याचें तेज उभें असतें. परंतु जुन्या पद्धतीच्या मुलाम्याचें षट्संयुज क्रोमियम विषारी आहे. त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास कामगारास फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका असतो, आणि तें सांडपाण्यांतून शुद्ध न करतां सोडल्यास नदीचें पाणी नासतें. तळवड्याजवळून इंद्रायणी वाहते, व तिचें प्रदूषण हा या भागांतील जुना दुखणाईत विषय आहे. त्रिसंयुज क्रोमियमची कमी विषारी पद्धत आज उपलब्ध आहे. नुसतें घासून उजळलेलें पितळही सुंदर दिसतें.

तेव्हां दागिना करावयास देतांना किंमतीबरोबरच मुलामा कोणता आणि त्याचें पाणी कोठें जातें, हे दोन प्रश्नही विचारावेत. वाद्याचें लेणें वादकाच्या बोटांस अडूं नये, स्वरास झांकूं नये आणि तें घडविणाऱ्याच्या श्वासास भोंवूं नये. या तिन्ही कसोट्यांस जें उतरलें तें खरें भूषण.