घरच्या घरी गोधडी : टाचण आणि कच्चा दोरा

(पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मास्तर गोधडीवर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण या विषयात मी एकदा चांगलाच नापास झालो आहे, म्हणून बोलतो.

मी आठवीत असताना अम्मी आजारी पडली. तिची अर्धवट राहिलेली गोधडी पुरी करावयाचे मी मनावर घेतले. कच्चा दोरा घालण्याचा कंटाळा केला आणि थेट टाके घालीत सुटलो. शेवटच्या कडेला पाहतो तो अस्तर चार बोटे सरकलेले आणि मधोमध चुण्या! सारे उसवावे लागले. उसवताना वरचे कापड फाटले. ती अम्मीच्या लग्नातली साडी होती. ती एवढेच म्हणाली, "दोरा वाचवलास आणि कापड घालवलेस."

तेव्हा टाचण्यात आळस नको. काटकसर मात्र जरूर करता येते.

प्रथम सर्व कापड धुऊन वाळवावे. नवे कापड धुतल्यावर आटते, म्हणून तेही आधी धुवावे. जमीन पुसून खालचे कापड उलटी बाजू वर करून पसरावे. कोपऱ्यांवर वरवंटा, वजने, जाड पुस्तके, जे घरात असेल ते ठेवावे. कापड सपाट असावे, पण ओढलेले नसावे. ओढून टाचलेले कापड सोडताच आखडते. त्यावर मधले थर व वरचे कापड घालून, तळव्याने मध्यापासून कडेकडे सारखे करावे.

आता पिना. चार फूट रुंद, सहा फूट लांब गोधडीला चार-चार इंचांवर पिना लावल्या तर दोनशेहून अधिक लागतात. विद्यार्थ्यांनो, हिशेब करून पाहा! एवढ्या विकत घेण्याचे कारण नाही. वीस-पंचवीस सेफ्टी पिना पुरतात. मधला भाग टाचावा, तेथे कच्चा दोरा घालावा, पिना काढून पुढच्या भागाला लावाव्यात.

कच्च्या दोऱ्यासाठी रिळावरचे उरलेसुरले दोरे चालतात. रंग मात्र उठून दिसणारा, पण न जाणारा हवा. आधी मधून एक उभी व एक आडवी ओळ, मग मुठीएवढ्या अंतरावर बाकीच्या. टाका दीड-दोन इंची. शेवटी गाठ न मारता एक उलटा टाका घालावा, म्हणजे दोरा पुढे सहज निघतो. सुईचे टोक वर येताना डाव्या हातातल्या चमच्याच्या कडेवर घ्यावे. बोटे वाचतात आणि खालचे कापड हलत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी भगिनींची तऱ्हा निराळी आहे. त्या 'कवंडी' कडेपासून सुरू करतात आणि एकेक तुकडा दुमडून, धावदोऱ्याने शिवीत मध्याकडे येतात. त्यामुळे सगळे तुकडे आधी टाचून ठेवावे लागत नाहीत.

एक विनंती. पिना लावताना आणि काढताना मोजा. टाचलेले काम महिनोन्‌महिने ठेवू नका, पिना गंजून डाग पडतात. आणि एखादी पिन आत राहिली, तर त्या गोधडीत उद्या आपलेच लेकरू निजणार आहे.

पालकहो, हे काम मुलींबरोबर मुलांनाही शिकवा. मला ते वेळीच आले असते, तर ती साडी वाचली असती. पुढे बरी झाल्यावर अम्मीने तिचा धडका तुकडा गोधडीच्या मध्यभागी बसविला. त्या वेळी कच्चा दोरा मी घातला.