रामलिंगच्या वाटेवरची भीती



नववीत मला एकच वेड होतं, नारायण धारपांच्या भयकथांचं. गणिताच्या पुस्तकात लपवून मी त्या वाचायचो आणि रात्री वसतिगृहात दिवा गेला की सगळ्यांना सांगायचो. सगळे घाबरले की मला मोठं झाल्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी श्रावणात आपली सहल येडशीच्या रामलिंगला गेली. तिथलं अभयारण्य 1997 साली झालं. आपल्या वेळी ती नुसती बालाघाटाची दरी, धबधबा आणि झाडी होती. परतताना अंधारून आलं. वर्गातला सर्वांत लहानखुरा मुलगा माझ्या शेजारून चालत होता. मी त्याला गोष्ट सांगत आणली आणि ऐन रंगात आल्यावर आम्ही तिघं-चौघं दगडांमागे लपलो. तो वाट सोडून पळाला. तासाभराने सरांना सापडला, तेव्हा झाडाला पाठ लावून बसला होता. कोणी घाबरवलं, हे सरांनी परोपरीने विचारलं. त्याने एकही नाव घेतलं नाही. दिवाळीनंतर तो वसतिगृहात परत आला नाही.

पुढे नोकरीत असताना अल्जरनॉन ब्लॅकवुड या इंग्रज लेखकाची 1907 सालची ‘द विलोज’ ही कथा वाचली. दोन मित्र होडीतून डॅन्यूब नदीने निघालेत. पूर आलेला, मुक्काम एका निर्जन बेटावर, भोवती आपल्या वाळुंजाच्या जातीची झुडपं. भूत असं समोर येतच नाही. वारा, पाणी, सरकल्यासारखी वाटणारी झुडपं आणि आपण इथे नको होतो ही जाणीव, बस्स. वाचताना मला डॅन्यूब दिसलीच नाही. रामलिंगची वाट दिसली, आणि तिच्यावर एकटं पडलेलं ते लेकरू.

त्या कथेत दोघं मित्र एकमेकांना सोडत नाहीत. आम्ही नेमकं तेच केलं नव्हतं. भयकथा मी आजही आवडीने वाचतो. पण भीती सोबतीने वाचायची असते, कुणाला एकटं पाडून नव्हे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, दगडामागे मी होतो. सर, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तरही हेच. माफी मागतो.

उद्या सकाळी रामलिंगला जायचं ठरलं आहे. या वेळी मी तुझ्या मागून चालेन.