शिकणारी परिचारिका आणि तिची पाळी

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात अधिसेविकांनी केलेले भाषण)



रुग्णसेवा करीत असतानाच पदवीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्या काळी अडचण समाजाच्या संमतीची होती. आज ती वेळेची आहे.

जीएनएम पदविका घेतलेल्या परिचारिकेस पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी दोन वर्षांत मिळवता येते. परंतु हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. पगारी रजा मिळाली नाही, तर वेतनावर पाणी सोडावे लागते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० च्या दशकात नोकरीतील परिचारिकांसाठी दूरशिक्षणाची वाट खुली केली. त्या मार्गाने किमान तीन वर्षे लागतात. रात्रपाळी संपवून, घरचा स्वयंपाक उरकून पुस्तक उघडायचे, असा तो अभ्यास असतो.

या कष्टांचे फळ रुग्णाच्या खाटेपाशी दिसते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची प्रकृती ढासळू लागते, तेव्हा रक्तदाब उतरण्यापूर्वीच पुष्कळदा श्वासाची गती वाढते, नाडी जलद होते, लघवी कमी होते. या तिन्ही नोंदींचा एकत्रित अर्थ लावून डॉक्टरांना वेळीच बोलावणे, हे शिक्षणाचे काम आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून घाटीत किंवा आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात अनेक रुग्ण आधीच उशिरा पोहोचतात. त्यांच्यासाठी एकेक तास मोलाचा असतो.

२०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी अधिक असेल, तेथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासाचे दुसरे निरीक्षणही ध्यानी घ्यावे: परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ती शक्यता सात टक्क्यांनी अधिक आढळली.

म्हणून माझे नम्र निवेदन असे की, एका भगिनीस वर्गात पाठवून तिचे रुग्ण दुसरीच्या वाट्यास देणे म्हणजे एका हाताने मिळवून दुसऱ्या हाताने गमावणे होय. तिच्या जागी बदली परिचारिका हवी. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी ठरावे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिला रात्रपाळी नसावी.

देणगीदारांनी दिलेल्या यंत्रांवर आणि कक्षांवर त्यांची नावे आदराने कोरली जातात. बदली परिचारिकेच्या वेतनासाठी दिलेल्या देणगीची पाटी कोठेही लागणार नाही. परंतु मध्यरात्री एखाद्या रुग्णाचे श्वास मोजून सावध झालेली परिचारिका त्या देणगीतूनच घडलेली असेल. विश्वस्त मंडळाने यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद करावी आणि आपण सर्वांनी त्यास उदार हस्ते साहाय्य करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.